मशीन बनवणारी कंपनी बंद पडली म्हणतात, खरं-खोटं कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या एका उद्योजकाकडे राजकोटच्या एका कंपनीची दोन व्हीएमसी मशीन (संगणकावर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आहेत आणि तिसऱ्यासाठी त्यांनी ॲडव्हान्स भरला आहे. दिवाळीनंतर कंपनीचा फोन लागत नाही, सर्व्हिस इंजिनिअर नुसतं "बघतो, कळवतो" म्हणतो, आणि दुसऱ्या एका कंपनीचा सेल्समन शॉपवर येऊन "ती कंपनी बंद झाली, तुम्हाला माहीत नाही का?" असं सांगून गेला. उरलेले पैसे भरायचे की ॲडव्हान्स परत मागायचा, आणि मुळात कंपनी चालू आहे की नाही हे घरबसल्या कळेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मशीन खरेदी, उभारणी आणि देखभाल हेच माझं काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. आजकाल बरंचसं घरबसल्या कळतं. पण कोणता पुरावा कितपत धरायचा हे कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फोनचं बघू. राजकोटचे कारखाने दिवाळीला बंद होतात ते लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतात. बाहेरगावचे कामगार त्यानंतरही सावकाश परततात. श्रावणात सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमारास, तिथे जवळजवळ आठवडाभर सगळं बंद असतं. या दिवसांत फोन उचलला गेला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. भोसरी-चिंचवडला गुरुवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, फोन करून कोणी उचलत नाही म्हणून घाबरावं, तसंच ते. लाभपंचमी होऊन दोन आठवडे उलटले आणि तरीही ऑफिसचा, सेल्सचा आणि सर्व्हिसचा असे तिन्ही नंबर मुके असतील, तर मात्र हालचाल करा. सेल्समनचं बोलणं तूर्त बाजूला ठेवा. त्याला तुमची तिसऱ्या मशीनची ऑर्डर हवी आहे. तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरची टाळाटाळ मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण पगार थकला की पहिला ढिला पडतो तो फिरतीवरचा माणूस.

आता "बंद" म्हणजे नेमकं काय, ते. आपल्याकडे एकाच शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. उत्पादन थांबलं, पण स्पेअर आणि सर्व्हिस चालू आहे. एक विभाग बंद, बाकी चालू. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत आहे, पण शेडमध्ये मशीन बनताहेत. मालकांनी नवी कंपनी काढून धंदा तिकडे वळवला. किंवा खरोखरच गेटला कुलूप. तुमच्या पैशांच्या दृष्टीने या प्रत्येकाचा अर्थ निराळा.

एचएमटीचं उदाहरण घ्या. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस, एचएमटी चिनार वॉचेस आणि एचएमटी बेअरिंग्ज बंद करायला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. लोकांनी ऐकलं ते एवढंच की "एचएमटी बंद". पण मशीन टूल्सची कंपनी वेगळी आहे आणि ती त्या निर्णयांत नव्हती. ज्यांच्या शॉपमध्ये एनएच २२ लेथ किंवा एफएन २ मिलिंग चालू होतं, त्यांच्यासाठी हा फरक साधा नव्हता. किर्लोस्करांचंही तसंच. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर, जिचे लेथ आपल्याकडच्या कितीतरी वर्कशॉपमध्ये आजही फिरताहेत, ती कंपनी बंद पडली. किर्लोस्करवाडीचे पंप बनवणारी कंपनी वेगळी आणि ती चालू आहे. आडनाव एक असलं तरी कायद्याने त्यांचा एकमेकींच्या देण्याघेण्याशी संबंध नाही.

म्हणून पहिलं काम नावाचं. मशीनवर लावलेलं ब्रँडचं नाव सोडा, जुनं खरेदीचं बिल काढा आणि त्यावरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक बघा. पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे गुजरातसाठी २४, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, पी असेल तर एका माणसाच्या नावावरचा धंदा. आता तिसऱ्या मशीनचं प्रोफॉर्मा बिल शेजारी ठेवा. दोन्हींवरचा पॅन तोच आहे का? नसेल तर तुम्ही ॲडव्हान्स जुन्या कंपनीला दिलेलाच नाही, नव्या कोणाला तरी दिला आहे. मग बोर्ड तोच, लोगो तोच, शेडही तीच असली तरी जुन्या दोन मशीनची वॉरंटी नवी कंपनी आपण होऊन मानेलच असं नाही. ही पाच मिनिटांची तपासणी बहुतेक लोक करत नाहीत, आणि पुढचा निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

त्यानंतर जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे, लॉगिन लागत नाही. क्रमांक टाकला की नोंदणी सक्रिय आहे, स्थगित आहे की रद्द झाली आहे ते दिसतं, आणि खाली कोणत्या महिन्याचं विवरणपत्र कोणत्या तारखेला भरलं याचा तक्ता उघडतो. नुसतं "सक्रिय" वाचून समाधान मानू नका, तारखा वाचा. दरमहा भरणाऱ्याला ३बी (कर भरण्याचं मासिक विवरणपत्र) पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं. एप्रिलपर्यंत १९-२० तारखेला भरणारा माणूस मेचं जुलैत भरतो, जूनचं सप्टेंबरात भरतो, असं दिसलं तर पैशांची ओढाताण आहे हे समजा. लागोपाठ दोन महिन्यांचं ३बी भरलं नाही तर त्याला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन कागद) काढता येत नाही, आणि ई-वे बिलाशिवाय व्हीएमसीसारखा माल रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे "पुढच्या आठवड्यात मशीन पाठवतो" असं तो म्हणत असेल आणि तक्त्यात तीन महिने कोरे असतील, तर ते शक्यच नाही हे तुम्हाला कळतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: शून्य उलाढालीचंही विवरणपत्र भरता येतं. त्यामुळे तारखा नियमित आहेत एवढ्यावरून मशीन बनताहेत असं ठरत नाही. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेले लोक तिमाही पद्धत घेऊ शकतात, तिथे महिन्यांची रिकामी जागा बघून दचकू नका.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भरवशाचा वाटतो तो भविष्यनिर्वाह निधीचा तक्ता. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधता येते, तीही कोणाच्या परवानगीशिवाय. कंपनीचं नाव टाका, यादीतून राजकोटची निवडा आणि भरण्याचा तपशील उघडा. वेतनाचा महिना, पैसे जमा झाल्याची तारीख, रक्कम आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरणा झाला ते ओळीने दिसतं. हा शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत सावकाश वाचा. समजा दोन वर्षांपूर्वी ११० च्या आसपास माणसं होती, मग ९५, मग ७०, आणि गेल्या चार महिन्यांत २२. तर शेडमध्ये काय चाललंय ते मला राजकोटला न जाता कळतं: असेंब्ली थांबली आहे, अकाउंट्स, स्टोअर आणि दोन-चार सर्व्हिसवाले उरले आहेत. आकडा ११० वरून १०४ झाला असेल तर ती नेहमीची ये-जा. माणसं तेवढीच, पण भरणा दर महिन्याच्या १५ तारखेऐवजी दोन-दोन महिने उशिरा होत असेल, तर कारखाना चालू आहे पण तिजोरीत खडखडाट आहे. कामगार कंत्राटदाराच्या नावावर असतील तर आकडा मुळातच लहान दिसतो, म्हणून आकडा किती यापेक्षा तो कसा बदलत गेला ते बघायचं. चालू धंदा असल्याचं सोंग करायला कोणी परक्या माणसांच्या खात्यात दर महिन्याला पीएफ भरत बसत नाही. मी या तक्त्याला इतकं वजन देतो ते यासाठीच.

पॅनवरून ती कंपनी निघाली तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची मूळ माहिती मोफत बघता येते: स्थिती, शेवटची वार्षिक सभा, शेवटचा ताळेबंद कधीचा, आणि कोणत्या बँकेचा बोजा आहे. इथे एक गैरसमज फार पसरला आहे. तिथे "ॲक्टिव्ह" लिहिलंय याचा अर्थ कंपनी कागदावर जिवंत आहे, इतकाच. कारखान्याला वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या कंपन्याही तिथे ॲक्टिव्ह दिसतात. त्यापेक्षा शेवटच्या ताळेबंदाची तारीख बोलकी असते. दोन वर्षं ताळेबंदच सादर नसेल तर काहीतरी अडलं आहे. शंभर रुपये भरून त्या कंपनीने दाखल केलेले कागद बघता येतात. ते शंभर रुपये खर्च करा, आणि ताळेबंदातला "ग्राहकांकडून आलेले ॲडव्हान्स" हा आकडा विक्रीच्या मानाने फुगला आहे का ते तुमच्या सीएला विचारा. विक्री घटतेय आणि ॲडव्हान्स वाढताहेत, म्हणजे एकाच्या पैशांतून दुसऱ्याची मशीन पुरी होताहेत. भागीदारी फर्म असेल तर यातलं काहीच मिळणार नाही, तिथे जीएसटी आणि पीएफवरच भिस्त.

"कोर्टात गेली म्हणे" ही अफवा बहुतेक वेळा एनसीएलटीवरून, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी प्रकरणं चालतात त्या न्यायाधिकरणावरून, उठते. एखाद्या पुरवठादाराने थकबाकीसाठी अर्ज केला की नाव तिथल्या प्रकरणांच्या यादीत येतं आणि बाजारात बोभाटा होतो. अर्ज दाखल होणं आणि तो दाखल करून घेतला जाणं यांत मोठं अंतर आहे. कितीतरी अर्ज पैसे मिळाल्यावर मागे घेतले जातात. अर्ज मान्य झाला, तर दिवाळखोरी संहितेप्रमाणे अंतरिम व्यावसायिक (तूर्त कंपनीचा कारभार बघणारा माणूस) नेमला जातो आणि त्याला तीन दिवसांत जाहीर सूचना काढावी लागते. ती वर्तमानपत्रांत येते आणि आयबीबीआय या दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही दिसते. तिथे नाव शोधा. सापडलं तरी गेटला कुलूप लागलं असं धरून चालू नका, कारण त्या व्यावसायिकाने कंपनी चालू ठेवावी अशीच कायद्याची अपेक्षा आहे. पद्मिनी मोटार बनवणारी प्रीमियर पुढे सीएनसी मशीन बनवू लागली होती, तीही २०२१ मध्ये याच प्रक्रियेत गेली. परदेशी मशीन असेल तर हाच धडा आणखी ठळक दिसतो. छपाईयंत्रं बनवणाऱ्या मानरोलांडने २०११ च्या नोव्हेंबरात जर्मनीत दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा सगळं संपल्यासारखं बोललं गेलं. काही महिन्यांतच शीटफेडचा (सुट्या कागदावर छापणाऱ्या यंत्रांचा) धंदा लँग्ली या कंपनीने आणि वेबचा (कागदाच्या रिळावर छापणाऱ्या यंत्रांचा) पोसेलने घेतला. मशीनवाल्यांना स्पेअर मिळत राहिले, फक्त पत्ता बदलला.

हे सगळं तासा-दोन तासांचं काम आहे. ते केल्याशिवाय कोणाला "ऐकलंत का, ती कंपनी बुडाली" असं सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती. मशीन बिल्डरचा धंदा उधारीवर उभा असतो. फाउंड्री कास्टिंग उधार देते, बॉलस्क्रूवाला महिन्याने पैसे घेतो, गिऱ्हाईक ॲडव्हान्स देतं. अफवा फिरली की हे तिघेही एकाच आठवड्यात हात आखडतात, आणि एरवी सहा महिन्यांत सावरली असती अशी कंपनी खरंच बसते. शंभर घरं चालतात त्यावर. तुम्ही स्वतः पुरवठादार आहात, तुमच्याबद्दल असं पसरलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

कागद झाले, आता माणसं. कोल्हापूरच्या फाउंड्र्या मशीन टूलचं कास्टिंग करतात. तुमच्याच ओळखीत कोणी त्या बिल्डरला बेड किंवा कॉलम (मशीनचा खालचा किंवा उभा सांगाडा) देत असेल तर त्याला "कंपनी बंद झाली का" असं विचारू नका. "शेवटचा लॉट कधी गेला आणि पैसे कधी आले" एवढंच विचारा. तारखा खोट्या बोलत नाहीत. मग बिल्डरकडे तुमच्या मशीनचा सिरियल नंबर पडला आहे का आणि कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) आला आहे का, त्याचाही नंबर मागा. पैशांची चणचण असते तिथे बेड, कॉलम, टेबल रंग देऊन तयार असतं आणि गाडी अडते ती कंट्रोलरवर, कारण तो रोखीने उचलावा लागतो. "मशीन नव्वद टक्के तयार आहे" या वाक्याचा खरा अर्थ पुष्कळदा हाच असतो.

याच वेळी जुन्या मशीनसाठी एक छोटा स्पेअर मागवा. वायपर, लिमिट स्विच, वे कव्हरचा एखादा तुकडा, असं दोन-चार हजारांचं काहीतरी, जे त्यांच्या स्टोअरमध्ये असायलाच हवं. पैसे आगाऊ द्या. माल किती दिवसांत आला, बिल कोणत्या नावाने आलं, आणि पुढच्या महिन्यात ते बिल तुमच्या २बीमध्ये (जीएसटीवर दिसणाऱ्या तुमच्या खरेदीच्या तक्त्यात) उतरलं का, हे बघा. स्टोअर, अकाउंट्स आणि डिस्पॅच हे तिन्ही विभाग जागे आहेत की नाहीत ते इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशाने कळत नाही.

एवढं करूनही शंका राहिली तर एकदा जाऊन या, कोल्हापूर-राजकोट लांब असलं तरी. मेटोडा असो, शापर असो की आजी, कामाच्या दिवशी सकाळी शिफ्ट भरायच्या वेळी गेटसमोर उभे राहा. किती माणसं आत गेली, गेटच्या रजिस्टरमध्ये माल आल्याच्या नोंदी आजच्या आहेत की महिन्यापूर्वीच्या, आवारातला बीडाचा आणि बुरीचा (धातूच्या किसाचा) ढीग ताजा आहे की गंजून तांबडा झालाय, क्रेनखाली अर्धवट मशीन उभी आहेत त्यांवर धूळ किती आहे. ऑफिसात चहा पिऊन परत येऊ नका, असेंब्लीत जा. "आज आत काम चालू आहे, साहेब नाहीत" असं म्हणून असेंब्ली दाखवायला कोणी का-कू करत असेल तर तेही उत्तरच आहे.

आता तुमच्या पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. तपासणी पुरी होईपर्यंत उरलेल्यातला एक रुपयाही देऊ नका, आणि ॲडव्हान्सही लगेच परत मागू नका. "मशीन तयार झाल्यावर आमचा माणूस येऊन तपासेल, सिरियल नंबर जुळला की डिस्पॅचच्या दिवशी रक्कम देऊ" असं पत्र ईमेलने आणि बिलावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. चालू कंपनी याला हो म्हणते. "आणखी तीस टक्के द्या म्हणजे कंट्रोलर उचलतो" असं उत्तर आलं, तर त्या रकमेची बँक गॅरंटी मागा. ती देता येत नसेल तर त्यांची बँकही त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही, मग तुम्ही का ठेवावा? पत्र "दार बंद" शेरा मारून परत आलं तर पाकीट न फोडता जपून ठेवा, पुढे वकिलाला लागेल. मशीनला कर्ज मंजूर असेल तर बँकेच्या मॅनेजरला आत्ताच सांगा, नाहीतर इकडे तुम्ही थांबाल आणि तिकडे बँक थेट बिल्डरच्या खात्यात पैसे सोडेल.

दिवाळखोरीची जाहीर सूचना निघालीच असेल तर त्यात दाव्याची शेवटची तारीख दिलेली असते, साधारण १४ दिवसांची. मालासाठी दिलेला ॲडव्हान्स हाही व्यवहारातलं देणं धरता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे, तेव्हा "आम्ही तर गिऱ्हाईक, आमचा कसला दावा" असं समजून गप्प बसू नका. फॉर्म बी हा दाव्याचा अर्ज भरा आणि बँकेची नोंद व पीओ (खरेदीची ऑर्डर) जोडून पाठवा. एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की कंपनीवर नवा वसुलीचा दावा लावता येत नाही, म्हणून हा फॉर्म चुकवून चालत नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत जुन्या दोन मशीनचं आजच्या आज बघा. सर्व्हिस इंजिनिअर अजून फोन उचलतोय तोवर त्याला रोख पैसे देऊन बोलवा आणि दोन्ही मशीनचे पॅरामीटर, लॅडर (मशीनच्या हालचालींचा प्रोग्राम), पिच एरर कॉम्पेन्सेशन (अक्षांच्या अचूकतेची दुरुस्ती) यांचा बॅकअप घ्या, तोही दोन ठिकाणी. इलेक्ट्रिकल ड्रॉइंग तुमच्या मशीनच्या नंबरचं आहे का ते तपासा, पुष्कळदा पॅनेलमध्ये भलत्याच मशीनचं ठेवलेलं असतं. कंट्रोलरच्या बॅटऱ्या बदलून घ्या, मशीन चालू असताना. काही बिल्डर पूर्ण पैसे येईपर्यंत मशीनला तारखेचं लॉक (ठरलेल्या तारखेनंतर मशीन चालू देत नाही ते) घालतात आणि नंतर ते काढायचं राहून जातं. ते आहे का हे इंजिनिअरला तोंडावर विचारा आणि असेल तर त्याच भेटीत काढून घ्या. कंट्रोलर, ड्राइव्ह आणि मोटर यांची सर्व्हिस तुम्हाला त्या-त्या कंपनीकडून थेट मिळते. बिल्डरवाचून अडणार ते टूल चेंजर, स्पिंडलचं ड्रॉबार (टूल पकडून धरणारा दांडा) आणि शीट मेटलवर. त्यांची मापं आणि स्पेअर नंबर लिहून घ्या, आणि टूल चेंजरच्या आर्मचं एक जास्तीचं ग्रिपर मागवता आलं तर याच ऑर्डरमध्ये मागवा.